विमा : खंडाचा आणि मालकीचा



मे महिना सरत आला. राब भाजून झाले, आता डोळे मृगाकडे लागले. बियाणे-खताची बेगमी करताना घरातले विम्याचे कागदही एकदा उघडून पाहा.

आपल्या भिवंडी तालुक्यात भात पिकवणाऱ्या पुष्कळ घरांतली मुले काल्हेर, राहनाळ, पूर्णा भागातल्या गोदामांत कामाला आहेत. ‘कंपनीने माझा विमा काढलाय,’ असे मुलगा सांगतो आणि घर निर्धास्त होते. गेल्या साली अशाच एका घरी मी सांत्वनाला गेलो होतो. मुलाने दोन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडली होती. सुनेने ट्रंकेतून कागद काढून पुढे ठेवला. तो विमा नोकरीबरोबरच संपला होता, हे तिला सांगण्याची पाळी माझ्यावर आली.

असे का होते? गट विमा म्हणजे खंडाने केलेली जमीन. मूळ करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात. कामगाराच्या हाती फक्त दाखला. अनेकांचा मिळून विमा असल्याने हप्ता थोडा, पण नोकरी सुटली की संरक्षणही बहुधा सुटते. वैयक्तिक विमा ही मालकीची जमीन. हप्ता जास्त, पण नोकरी बदला, गाव बदला, हप्ते वेळेवर भरलेत तर मुदतीपर्यंत तो तुमचाच. तरुणपणी घेतला तर हप्ताही कमी बसतो.

बँकेमार्फत २०१५ पासून मिळणारा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा हाही गट विमाच. वयाच्या १८ ते ५० वर्षांपर्यंत त्यात नाव घालता येते. वर्षाला ४३६ रुपये. मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख. त्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. हप्त्यापुरती शिल्लक खात्यात नसली, तर विमा बंद! पुन्हा नाव घातले तर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरतात. तेव्हा हंगामासाठी खाते झाडून रिकामे करू नका.

आज एवढे करा. दाखल्यावरची रक्कम व मुदत वाचा. लग्नानंतर वारस म्हणून पत्नीचे नाव घातले आहे का, ते पाहा. आणि कागद कोठे ठेवलेत, ते कारभारणीला सांगा.

खंडाची जमीन जरूर कसा. पण चार गुंठे तरी मालकीचे असू द्या.