कपाटातलं शून्य

मागच्या महिन्यात सासूबाई अंगणात घसरल्या. मनगट टम्म सुजलं, म्हणून एका खासगी केंद्रात एक्स-रे काढायला नेलं. यंत्रावर विशी-बाविशीची मुलगी होती. "आज्जी, दमानं हं," म्हणत तिने हात हलकेच फिल्मवर ठेवला. बोलता बोलता कळलं, दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. आरोग्य शिबिरांच्या कामामुळे मला थोडं ठाऊक होतं, म्हणून विचारलं, "अगं, छातीशी लावायचा तो बॅज कुठाय तुझा?"

ती हसून म्हणाली, "कपाटात ठेवलाय काकू. हरवला तर पगारातनं कापतील की!"

ते उत्तर काही मनातून जाईना.

मैत्रिणींनो, या बॅजला टीएलडी बॅज म्हणतात. तो किरण अडवत नाही, अंगावर किती किरण पडले याचा हिशेब ठेवतो. अडवायला शिशाचा एप्रन, आणि बॅज त्याच्या आत, छातीशी. बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. म्हणजे सासूबाईंच्या हाताला घातलेल्या प्लास्टरचेच भाऊबंद! त्यात विरजणाइतकं डिस्प्रोशियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. किरणांची ऊर्जा चकतीत साठून राहते. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवली की ती ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. जितके किरण, तितका उजेड.

यामागे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली मेहनत आहे. पूर्वी बॅजमध्ये फोटोची फिल्म असे, पण आपल्या उष्ण-दमट हवेत ती खराब व्हायची. के. एस. व्ही. नंबी, व्ही. एन. बापट आणि ए. के. गांगुली यांनी या कॅल्शियम सल्फेटवरचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. त्या दशकातच फिल्मची जागा चकत्यांनी घ्यायला सुरुवात केली.

एक गोष्ट आधीच सांगते. हाडाचा एखादा एक्स-रे काढल्याने पेशंटने घाबरायचं काही कारण नाही. प्रश्न आहे तो रोज, वर्षानुवर्षं यंत्राजवळ उभं राहणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घातली आहे. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाईला दिवस गेल्याचं तिने कळवलं, की पुढे पोटातल्या बाळासाठी मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्ट.

पण बॅज कपाटात राहिला तर? अहवालात छान शून्य येणार! कागदावर सगळं ठीक. आमच्या बचत गटात एखादीचं पासबुक कोरं दिसलं, तर आपण तिचे पैसे सुरक्षित आहेत असं मानतो का? उलट विचारतो, नोंद का नाही म्हणून. इथे मात्र कोऱ्या पानावर सगळे खूश. दोष मुलीला देऊन चालणार नाही. हरवल्याचा भुर्दंड तिच्या माथी, आणि आकडा जास्त आला तर काम जाईल ही भीतीही तिचीच. बॅज लावण्यात तिचं नुकसान आणि न लावण्यात सगळ्यांची सोय, असं असेल तर बॅज कपाटातच जाणार.

मोजमापच नसलं की काय होतं, ते २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. विद्यापीठातलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं. आत कोबाल्ट आहे हे फोडणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. किरण ना दिसतात, ना त्यांचा वास येतो. माणसं आजारी पडल्यावर उपकरणं तिथे पोचली. एका कामगाराचा जीव गेला. उपकरणं देशात होती, पण त्या भंगाराच्या दुकानात नव्हती.

आपल्या घरातली, शेजारची एखादी लेक-सून एक्स-रेच्या कामावर असेल, तर तिला विचारा, बॅज लावतेस का? तुझा अहवाल तुला दाखवतात का? एप्रन आहे ना? आणि मालकाला सांगा, बॅज हरवला तर त्याचा खर्च केंद्राने सोसावा.

सासूबाईंचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढायचं आहे. पुन्हा एक्स-रे होईल. त्या मुलीशी माझं बोलणं झालंय. मालकांशी त्या दिवशी बोलणार आहे.