रॅम महागली, म्हणून जुना गेमिंग लॅपटॉप घ्यावा का?

एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी 16 जीबी रॅमचा सेकंड हँड गेमिंग लॅपटॉप स्वस्तात मिळाल्यासारखा वाटतो.

पण भाव रॅमवरून ठरवू नये. रॅम बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते. ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती आहे तीच राहते. खरी गफलत इथेच होते. 'आरटीएक्स 3060' हे नाव एकच, पण लॅपटॉपच्या मॉडेलनुसार ही चिप 60 ते 115 वॉटवर चालते. कमी वॉटचा सडपातळ लॅपटॉप त्याच नावाखाली बराच मंद निघतो. जाहिरातीत हे वॉट सहसा नसतातच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये ते दिसतात. फोटोवर भाळण्याआधी विक्रेत्याकडून तो स्क्रीनशॉट मागवावा. 4 जीबी व्हिडिओ मेमरीचा आरटीएक्स 3050 नव्या मोठ्या गेम्सना अपुरा पडतो.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मोजके अपवाद सोडले, तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत. असा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी सोडलेला बरा.

बॅटरी थकलेली असणारच, तेवढे पैसे कमी करून घ्यावेत. अर्धा तास गेम चालवून बघू न देणाऱ्याशी व्यवहार करू नये.