बॅटरी बदलण्याआधी...

मंडळी, ओळखीपाळखीत एकजण 'कॉम्प्युटरवाला' असला की लोक कुठल्या तक्रारी घेऊन येतात ते तुम्हाला माहीत असेलच. सध्या नेमाने येणारी तक्रार म्हणजे, "लॅपटॉप चार्जरला लावलाय, पण ८० टक्क्यांच्या पुढे जातच नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली. बदलू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: आकडे बघितल्याशिवाय एक रुपयाही काढू नका!

दर वेळी नेमकं ८० वर (किंवा ६० वर) थांबत असेल, तर बहुतेक वेळा ते मुद्दाम थांबवलेलं असतं. लिथियम-आयन बॅटरी कायम १०० टक्के भरलेली ठेवली, त्यातून ती गरम राहिली, की लवकर म्हातारी होते. म्हणून बऱ्याच कंपन्या ही मर्यादा बायोसमध्ये किंवा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये देतात. ती काढून बघा.

मग चार्जर बघा. ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला फोनचा २० वॉटचा चार्जर लावला, तर काम चालू असताना बॅटरी चढायच्या ऐवजी उतरूही शकते. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपियरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. काही लॅपटॉप तर चार्जरची ओळख पटली नाही की नुसते चालतात, बॅटरी भरत नाहीत. आणि मे महिन्यात गादीवर ठेवून तापवलेला लॅपटॉप थंड होईपर्यंत चार्जिंग थांबवू शकतो.

एवढं करूनही शंका राहिली, तर विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' या कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' ५०,००० मिलिवॉट-अवर आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' २५,००० दिसली, तर निम्मी बॅटरी संपली. पडद्यावरचे १०० टक्के म्हणजे उरलेल्या निम्म्याचे १०० टक्के! अशी असेल तर खुशाल बदला. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर मात्र चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट दुरुस्तीला न्या. ती दाबू किंवा टोचू नका.

आता माझा खरा राग. यातलं बरंचसं त्या मशीनला माहीत असतं. पण पडद्यावर बऱ्याचदा काय येतं? 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. अरे, पण का? 'मर्यादा ८० वर लावली आहे' किंवा 'चार्जर कमी पडतोय' एवढं वाक्य लिहायला कितीसा कोड लागतो? ते लिहिणारे आम्हीच, सॉफ्टवेअरवाले. आमच्या या आळसाची किंमत एखादा विद्यार्थी काही हजार रुपयांत मोजतो, आणि धडधाकट बॅटरी कचऱ्यात जाते.

युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार अशा उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः बदलता आल्या पाहिजेत. त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवलेली आहे. उत्तमच आहे. पण बदलणं सोपं करताना, बदलायची गरज आहे की नाही हेही ग्राहकाला सरळ भाषेत सांगायला हवं. तोवर दुकानदाराला एवढंच विचारा, "रिपोर्ट दाखवता का?"