पोहणाऱ्याचा पेहराव
शीत जलात पोहणाऱ्या मनुष्यास वेटसूट कोरडे ठेवतो, हा समज जितका सार्वत्रिक तितकाच निराधार आहे. तो कोरडे नव्हे, उबदार ठेवतो; कारण त्याच्या निओप्रीन रबरामध्ये कोंडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे उष्णतेस बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्वचेलगत शिरलेला पाण्याचा पातळ थर देहाच्या उष्णतेने तापून तेथेच स्थिर राहतो. म्हणूनच निवड करताना किमतीपेक्षा तो अंगाशी कसा बसतो याकडे पाहावे. मानेशी वा कमरेशी पोकळी राहिली, की प्रत्येक हातासरशी थंड पाणी आत-बाहेर करू लागते आणि सारा खर्च अक्षरशः पाण्यात जातो. लाटांवर स्वार होणाऱ्यांचा सूट लांब पोहण्यासाठी घेणे तर शुद्ध उधळपट्टी. येथे खांदे पातळ व लवचीक हवेत, जाडी छाती-मांड्यांकडे असावी, आणि तीही ट्रायथलॉनच्या नियमांप्रमाणे ५ मिलिमीटरांपलीकडे जाता कामा नये. चढवताना नखे जपावीत, मानेस वंगण लावावे (सोलवटलेली मान खाऱ्या पाण्यात कशी चुरचुरते, हे भोगल्यावाचून कळत नाही), मागाहून गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. जागतिक जलतरण संघटनेने १८ अंश सेल्सियसखाली त्याची सक्ती केली व २० अंशांपर्यंत मुभा दिली असली, तरी इंग्लिश खाडीच्या पारंपरिक दप्तरात त्यास मज्जाव आहे: १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब आणि १९५८ साली मिहिर सेन जसे वेटसूटविना पार झाले, तोच दस्तूर तेथे चालू आहे. धरमतरहून गेटवेकडे पोहणाऱ्या आपल्या मुलांना मात्र अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात हा पेहराव केवळ घुसमटवील.