विश्लेषण : मुलुंड-घाटकोपरच्या नळाशी रानपिंगळ्याचा संबंध काय?

मुलुंड, भांडुप, घाटकोपरमधून जाणारी तानसाची जलवाहिनी उपनगरवासीयांच्या रोजच्या पाहण्यातली. ती जिथून येते, त्या तानसा अभयारण्याच्या परिसरात रानपिंगळा राहतो. हा छोटा शिकारी पक्षी भारताबाहेर कुठेही आढळत नाही. मुंबईची तहान भागवण्यासाठी याच अभयारण्यात गारगाई धरण प्रस्तावित आहे.

हा पक्षी कसा ओळखायचा?

सोसायटीच्या झाडावर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याचा हा नातेवाईक. लांबी जेमतेम 23 सेंटिमीटर. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचे डोके जवळपास कोरे. बहुतेक घुबडे रात्री शिकार करतात. हा मात्र दिवसाउजेडी, पाने गळालेल्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, टोळ टिपतो. लपण्याची अशी फारशी हौस नसूनही तो शतकाहून अधिक काळ कोणाला सापडला नाही.

113 वर्षे बेपत्ता कसा?

अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात शेवटचा नमुना मिळवला. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत एक मिळाल्याचा दावा केला होता. पुढे उघड झाले, की तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, फक्त चिठ्ठी नवी! ही बनावट नोंद बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पक्षी दिसला. त्यानंतर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातही नोंदी झाल्या. 2014 मध्ये तो थेट तानसात आढळला, म्हणजे मुंबईपासून साधारण 100 किलोमीटरवर.

नोंदी वाढल्यामुळे 2018 मध्ये जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आला. ठिकाणे जास्त कळली एवढाच त्याचा अर्थ. जंगल वाढलेले नाही.

मग धरण नकोच का?

गारगाईतून रोज 440 दशलक्ष लिटर पाणी अपेक्षित आहे. त्यासाठी शेकडो हेक्टर क्षेत्र बुडेल, लाखो झाडे जातील, आदिवासी पाड्यांना उठावे लागेल. बदल्यात दुसरीकडे झाडे लावू, हे उत्तर रानपिंगळ्याच्या कामाचे नाही. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते आणि रोपाला ढोली पडायला कित्येक दशके जातात.

मुंबईला रोज सुमारे 3900 दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातले जेमतेम 11 टक्के गळती आणि चोरीतून वाचले, तर एका गारगाईएवढे पाणी हाती येते. काम कटकटीचे आहे, उद्घाटनाची फीत कापण्यासारखे नाही, पण हिशेब सरळ आहे. शिवाय 2020 मध्ये गारगाई बाजूला ठेवून मनोरीत समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पर्याय पुढे आला होता. ते पाणी महाग पडते, विजेचा खर्चही मोठा. तरी तुलना करताना धरणाच्या खर्चात बुडणाऱ्या जंगलाची किंमत शून्य धरणे चुकीचे आहे.

किमान बुडीत क्षेत्रात रानपिंगळ्याच्या विणीच्या हंगामात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, ढोल्यांची स्वतंत्र पाहणी व्हावी आणि तिचा अहवाल झाडांवर कुऱ्हाड पडण्याआधी मुंबईकरांसमोर यावा.