अर्धांगवायूचा रुग्ण आणि इंग्रजी कागद

अर्धांगवायूचा झटका आला की मराठवाड्यात 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. वारे बाहेरून लागते, तेव्हा दारे लावून घ्यावीत, रुग्णाला घोंगडीत गुंडाळावे, कबुतराच्या रक्ताने अंग चोळावे, ही सारी उपाययोजना त्या एका शब्दातूनच क्रमाने निघते. वस्तुतः बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो. तेथील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूच्या त्या भागाच्या हुकमतीतील अवयव लुळे पडतात.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची उपयुक्तता अमेरिकेतील चाचणीत १९९५ साली सिद्ध झाली. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. ती साडेचार तासांपर्यंत वाढविता येते, असे २००८ साली दिसून आले. मात्र त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असल्यास तेच औषध घातक ठरते. लोह्याहून नांदेड तीस-पस्तीस किलोमीटर. तालुक्यातील वाड्या-तांड्यांचे अंतर त्यात मिळवावे लागेल, हे खरे. तथापि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावत आहे. वेळ रस्त्यात जातो त्याहून अधिक घरात जातो. तोंड वाकडे झाले, उचललेला हात खाली पडला, बोलणे अडखळले, या तीन खुणांचा अर्थ कोणी लावीत नाही आणि 'सकाळपर्यंत पाहू' असे ठरते.

हा रोग शहरी सुखवस्तू माणसांचा, ही समजूतही सोडून द्यावी लागेल. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे शोधली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले आढळले. एवढे बळी दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने घेतलेले नव्हते. त्यांतील शेकडा ८७ माणसे घरीच वारली. नांदेड म्हणजे गडचिरोली नव्हे, पण लोह्याच्या शेतकऱ्याचा रक्तदाब कोणी नियमाने मोजीत असेल, असे मानण्यास फारसा आधार नाही.

जे वाचतात त्यांची कथा निराळी. रुग्णालयातून घरी सोडताना त्यांच्या हाती एक कागद पडतो आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. गावी पोचल्यावर तो वाचून घेण्यासाठी शाळेतील गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या कारकुनाकडे नेला जातो. 'बी. डी.' म्हणजे दिवसातून दोनदा, एवढे ते सांगू शकतात. परंतु जे सांगायला हवे ते त्या कागदावर क्वचितच असते. रुग्णाला गिळता येते की नाही याची खात्री होण्यापूर्वी तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. उठविताना लुळा हात धरून ओढल्यास खांदा निखळतो. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. समोर बसून त्याच्या देखत वाटणीची भाषा करणाऱ्या नातलगांना हे कोणी तरी सांगावयास हवे. आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटू लागले म्हणून थांबवावयाची नसते, नेमकी तेव्हाच ती चालू ठेवावयाची असते.

असे असले तरी, घरच्यांना शिकविले की काम झाले, असा निष्कर्ष काढणे शासनाला सोयीचे असले तरी चुकीचे आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली. नातलगांना व्यायाम व शुश्रूषा शिकवून रुग्णांना घरी पाठविण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत त्यामुळे काही फरक पडला नव्हता. दिवसभर शेतात राबून आलेल्या सुनेने रात्री भौतिकोपचारतज्ज्ञही व्हावे, ही अपेक्षा मुळातच अवास्तव होती. कुटुंबाला माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. तज्ज्ञाची जागा भरून काढण्याची ती युक्ती होऊ नये.

राजीव गांधी जीवनदायी योजना, जिला २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव आहे, २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. रुग्णालयातील खर्चाचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला. घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने, ज्यांत गेलेली शक्ती सर्वांत वेगाने परत येते, ते मात्र रुग्णाच्या नशिबावर सोडलेले आहेत. मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह छापलेले एक पान प्रत्येक रुग्णासोबत द्यावयास फार मोठी तरतूद लागणार नाही. आणि लोह्याला भौतिकोपचारतज्ज्ञाने आठवड्यातून एकदा तरी बसावे, तेही बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी खेड्यांतून वाहने येतच असतात. रुग्णाला वेगळी गाडी करावी लागणार नाही.