कारणांचे वर्तुळ

मुले शाळेत का येत नाहीत, असे विचारले की उत्तर तयारच असते: पालकांना आस्था नाही. एका कार्याला एक कारण जोडून आपण मोकळे होतो. दोषी सापडल्याचे समाधान लाभते. परंतु गैरहजेरी काही कमी होत नाही.

आमच्या आदिलाबादच्या काळ्या मातीत कापूस पिकतो. वेचणीला मजूर लावावेत, तर गेल्या हंगामाचे कर्ज डोक्यावर असते. मग घरातील मुलगी वेचणीला जाते. तिचे पाठ बुडतात, मागे पडल्याने वर्गात मन रमत नाही, अखेर शाळा सुटते. आणि हिशेबाचा कागद ज्या घरात कोणास वाचता येत नाही, त्या घरावर कर्ज अधिकच चढते. जे कार्य होते, तेच फिरून कारण झाले!

विद्यार्थी मित्रहो, हे कागदावर काढून पाहा. कर्ज, मुलांची वेचणी, शिक्षण असे शब्द लिहून त्यांत बाण काढावेत. पहिली गोष्ट वाढल्याने दुसरी वाढत असेल तर बाणावर अधिक चिन्ह, घटत असेल तर उणे. बाण आरंभी परत आले की वर्तुळ पुरे झाले. उणे चिन्हे सम असतील, किंवा मुळीच नसतील, तर ते स्वतःलाच बळ देते. विषम असतील तर स्वतःला आवर घालते. आपल्या वर्तुळात उणे दोन आहेत. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात ज्या शास्त्राचा पाया घातला, त्यातून ही आकृती रूढ झाली.

बळ देणारे वर्तुळ उलटही फिरते, हे ध्यानात घ्यावे. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम धारातीर्थी पडले. गोंडांच्या जमिनी सावकारांकडे व बाहेरून आलेल्यांकडे जात होत्या, हे त्या लढ्याचे मूळ. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाहणीसाठी नेमले. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई येथे राहिले; हे गाव तेव्हा याच जिल्ह्यात होते, आता आसिफाबाद जिल्ह्यात आहे. 1943 साली तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत, लिपी मात्र देवनागरी. जमिनीचे पट्टे मिळवून देण्याचे काम चालूच होते. पण पट्टा वाचणारा गावात नसेल तर तो किती दिवस टिकणार? शिकलेला गोंड मुलगा गोंड मुलांचा गुरुजी झाला, की तेच वर्तुळ हिताच्या दिशेने फिरू लागते. (आमची घरची बोली कोकणी. शाळेत घरचा शब्द कानी पडला की मूल कसे खुलते, हे आम्हांस सांगावे लागत नाही.)

वर्तुळ काढल्याने सावकार निर्दोष ठरतो, असे कोणी समजू नये. तथापि सर्व बाण शाळेच्या हाती नाहीत. कर्ज आम्ही फेडू शकत नाही. वेचणी आणि बुडालेले पाठ यांमधील बाण मात्र आमच्या आवाक्यातला आहे. गैरहजेरीसाठी दंड करावा, असे काहीजण सुचवितात. त्यांनी तो बाणही काढून पाहावा. तो सरळ कर्जाकडे जातो आणि त्यावर अधिक चिन्ह येते. त्यापेक्षा वेचणीच्या दिवसांत बुडालेले पाठ सायंकाळी पुन्हा घ्यावेत, असे आमचे मत आहे.